वहिनीची वाईन

वाईन करायला अक्कल लागत नाही, धीर लागतो, असं माझी आई म्हणायची. आईचं अर्धंच खरं होतं. धीर लागतो, अक्कलही लागते, आणि माझ्यासारखे आठवड्यातले निम्मे दिवस घराबाहेर राहणारे असाल तर घरात एक विश्वासाचं माणूस लागतं. माझ्याकडे तिन्ही आहेत अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

आम्ही वसईचे, ख्रिस्ती. आमच्याकडे नाताळला पाहुणे आले की नेवऱ्या आणि कलकलच्या ताटाबरोबर घरची वाईन येते. दुकानातली बाटली पुढे ठेवली तर लोक पितात, पण परत जाताना वाटेत बोलतात. मला बहीण नाही, त्यामुळे आईने ही विद्या मलाच शिकवली. काळी द्राक्षं धुऊन सुकवायची, हाताने कुस्करायची. साखर, मूठभर गहू, उकळून गार केलेलं पाणी आणि यीस्ट घालून चिनी मातीच्या बरणीत भरायची. तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं. मग एकवीस दिवस, दिवसातून एकदा, लाकडी पळीने तळापासून ढवळायचं. एक दिवसही चुकवायचा नाही. चुकलं तर वर पांढरी साय धरते आणि सगळं मोरीत जातं.

याच्यापुढची एक गोष्ट आईने मला वेगळी, दार लावून सांगितली होती. आमच्या परसात पपनसाचं झाड आहे. त्या पपनसाची साल उन्हात वाळवायची, तव्यावर जराशी भाजायची, सातव्या दिवशी बरणीत टाकायची आणि नवव्या दिवशी काढून घ्यायची. दहाव्या दिवशी काढली तर कडू जहर. वेळेवर काढली तर जिभेच्या मुळाशी किंचित कडवटपणा राहतो आणि त्याच्यामागून गोडी येते. “हे कुठे लिहून ठेवू नकोस आणि कोणाला सांगू नकोस,” आई म्हणाली होती. मी लिहून ठेवलं नाही. सांगितलं मात्र एकीला, लग्नाच्या पहिल्या वर्षी, जेव्हा माणूस बायकोला सगळंच सांगून टाकतो.

दुबईत आम्ही अल मनखूलमध्ये राहतो. एक बेडरूम, हॉल, आणि स्वयंपाकघराला लागून स्टोअररूम. इथे परवाना काढून दुकानातून बाटली आणता येते, घरी वाईन करता येत नाही. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, उगाच भोळेपणाचा आव आणत नाही. म्हणून माझे नियम कडक होते. वर्षातून एकदाच करायची, नोव्हेंबरात. दोनच बरण्या. आपल्या माणसांपुरती. आणि एक थेंबही विकायचा नाही. बायकोचा आणि मुलीचा व्हिसा माझ्या नावावर आहे. उद्या कोणी तक्रार केली, माझी नोकरी गेली, तर तिघांचं बिऱ्हाड उचलून विमानात बसायचं, तेही मुलीचं बारावीचं वर्ष चालू असताना. हा धोका मी दोन बरण्यांपुरता मोजून मापून घेतला होता. त्यापलीकडे एक चमचाही नाही, असं मी दर नोव्हेंबरात बायकोला बजावत असे, आणि ती “हो रे बाबा” म्हणत असे.

सहा वर्षांपूर्वी कंपनीने मला खोर फक्कानच्या पोर्टवर टाकलं. जहाजांची कागदपत्रं बघणं हे माझं काम. सोमवारी पहाटे मी गाडी काढतो, शुक्रवारी दुपारी परत येतो, मधले दिवस कंपनीच्या खोलीत काढतो. तेव्हापासून वाईनचा हिशोब असा बसला की रविवारी बरण्या भरायच्या, म्हणजे सातवा दिवस शनिवारी येतो आणि नववा सोमवारी. साल मी टाकणार, सोमवारी पहाटे निघायच्या आधी साल मी काढणार. मधले ढवळण्याचे दिवस बायकोचे. मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायचो, “ढवळलंस?” ती सांगायची, आज फेस जास्त आहे, आज द्राक्षं वर आली, आज आवाज कमी झाला. तिचं वर्णन इतकं नेमकं असायचं की मला खोर फक्कानात बसून बरणी दिसायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. आपल्या शिकवणीचं फळ, असं मनाशी म्हणायचो.

नाताळला मग पाहुणे पहिला घोट घेऊन माझ्याकडे बघायचे. “यंदाची तर मागच्यापेक्षा भारी झालीय!” मी जरा घसा खाकरून द्राक्षांच्या निवडीवर बोलायचो, यीस्टवर बोलायचो, सालीबद्दल गप्प राहायचो. बायको ताट फिरवत असायची.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या ऑफिसातला एक ड्रायव्हर कायमचा गावी चालला होता. गुहागरकडचा माणूस, चार वर्षं रोज दुबईहून कागद घेऊन पोर्टवर येणारा आणि माझ्याबरोबर चहा पिणारा. शनिवारी दुपारी त्याने दुबईतल्या देराला त्याच्या खोलीवर जेवायला बोलावलं. मी त्या सकाळी साल टाकून निघालो होतो, बोटांना तिचा वास होता. खोलीत सहा पलंग, एकावर एक, आणि सगळे कोकणातले, साइटवर काम करणारे. ड्रायव्हर स्वतः कोंबडीचा रस्सा करत होता. एसीच्या डक्टचं काम करणारा एक राजापूरचा माणूस होता, नुकताच त्या खोलीत राहायला आलेला, मला न ओळखणारा. त्याने पलंगाखालून पाण्याची बाटली काढली. बाटलीत पाणी नव्हतं.

“अरे, साहेबांना पेप्सी दे, पेप्सी,” ड्रायव्हर शेगडीजवळून ओरडला. मला वाटलं, मान ठेवतोय.

“पेप्सी कशाला? साहेब, टेन्शन नका घेऊ, एकदम प्युअर आहे. घरची, वसईवाली.” त्याने प्लास्टिकच्या ग्लासात ओतून माझ्या हातात दिली.

वसईवाली म्हटल्यावर नाही म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. इथे आमच्या गावची आणखी कोण करतं, ही उत्सुकता होती. थोडी खोड काढायचीही तयारी होती. साखर जास्त पडली असणार, गाळली नीट नसणार, वगैरे. मी घोट घेतला. गोडी आली, आंबटपणा आला, आणि मग जिभेच्या मुळाशी तो कडवटपणा.

मी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. तिसऱ्या घोटाला शंकेला जागा उरली नाही. आई गेल्यावर जगात हे माहीत असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातला एक मी तिथे बसलो होतो.

“कुठे मिळते?” मी विचारलं.

“मनखूलला एक वहिनी बनवते. तिचा भाऊ मागच्या बिल्डिंगमध्ये बेडस्पेसला आहे, तो आणून देतो. तीस दिरहम बाटली, म्हणजे बघा, सातशे रुपये झाले. पण माल वर्थ आहे साहेब. वहिनीची वाईन म्हटलं की इथे सगळे लाइनीत.”

“आणि वहिनीचा नवरा?” हे मी का विचारलं मला माहीत नाही. उत्तर तर मी स्वतःच होतो.

तो हसला. “नवऱ्याला कसलं माहीत! तो पोर्टवर असतो. भावाने आधीच सांगून ठेवलंय, तो कधी भेटला तर बोलायचं नाही. शरीफ आदमी है, टेन्शन घेतो.”

खोलीतले बाकीचे हसले. ड्रायव्हर मात्र हसला नाही. तो टोपात डाव फिरवत राहिला आणि त्याने मान वर केली नाही. मग मला पेप्सीचा अर्थ कळला. चार वर्षं ज्याच्याबरोबर मी चहा प्यायलो त्याला माझ्या घरात काय चालतं ते ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

मी जेवलो. रस्सा चांगला झाला होता असं म्हणालोसुद्धा. निघताना तीस दिरहम काढले आणि एक बाटली विकत घेतली. राजापूरवाल्याने ती तांदळाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून दिली. “परत लागली तर सांगा, हबीबी.” ड्रायव्हर जिन्यापर्यंत आला. “साहेब, मी बोलणार होतो,” तो म्हणाला. मी “गावी नीट जा” म्हणालो आणि उतरलो. वाईन पोटात असताना गाडी हातात घ्यायची हिंमत नव्हती. गाडी तिथेच ठेवली, टॅक्सी केली, मांडीवर पिशवी घेऊन बसलो. प्रत्येक सिग्नलला मी ती आणखी घट्ट धरत होतो.

टॅक्सीत एकेक गोष्ट उलगडत गेली. मे महिन्यात वसईहून मी सालीचा डबा भरून आणला होता, नोव्हेंबरात तो अर्धा होता. विचारलं तर म्हणाली, “बुरशी आली होती, टाकून दिली.” मी दमट हवेला शिव्या घातल्या होत्या. महिन्याच्या सामानात साखर किती लागते यावर मी एकदा थट्टाही केली होती, तुला डायबेटिस होईल म्हणून. आणि शुक्रवारी मी घरी पोचलो की घरात ऊद जाळलेला असायचा. दार उघडताच तो धुराचा गोड वास. मला वाटायचं, चार दिवसांनी नवरा येतोय म्हणून केलेला हा थाट आहे. खोर फक्कानहून निघालो की अर्ध्या वाटेवर मला त्या वासाची आठवण यायची. स्टोअररूम मी नोव्हेंबरखेरीज कधी उघडत नव्हतो. बाकीचं वर्ष तिथे बॅगा आणि नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याचं खोकं असतं एवढंच मला माहीत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि माझा गळा ऊदाच्या वासात कापला जात होता.

घरी पोचलो तेव्हा ती ओट्याशी भाजी चिरत होती. मी बाटली टेबलावर ठेवली. तिने बाटलीकडे पाहिलं, सुरी बाजूला सरकवली, हात पुसले. “ही कुठची?” असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“किती वर्षं?” मी म्हणालो.

“तीन.”

“तीन!”

“दादाची हॉटेलची नोकरी गेली तेव्हा मी तुला सांगितलं होतं, थोडे दिवस त्याला हेल्प करूया. तू काय बोललास? यल्ला, तिकीट काढ आणि पाठव त्याला घरी. खलास. मग मी केली एक कॅन. त्याच्यासाठी.”

“त्याला तर दोन महिन्यांत दुसरी नोकरी लागली.”

“लागली.”

“मग बंद का नाही केलंस?”

तिने बाटली जवळ ओढली. मग म्हणाली, “कारण लोकांना आवडत होती. ते विचारायचे, वहिनी परत कधी करणार? मला. तुला नाही.”

“पैशासाठी विकलीस आणि वर—”

“पैसे दादाच ठेवायचा. मला काही नको होतं. सोमवार ते शुक्रवार कोण ढवळतं रे? सहा वर्षं कोण ढवळतं? आणि नाताळला स्पीच कोण देतं?”

आता इतक्या दिवसांनी लिहिताना मला तो प्रश्न रास्त वाटतो. तेव्हा मात्र मी भयंकर चिडलो. मी व्हिसा काढला, पोलीस काढले, मुलीची बारावी काढली. मी म्हणालो, तू आम्हा तिघांना विकलंस. ती म्हणाली, “मला भीती वाटायची. रोज वाटायची, लिफ्टचा आवाज आला तरी वाटायची. पण तुझ्या दोन बरण्यांनाही भीती होतीच ना? ती तू एकट्याने ठरवलीस. मला कधी विचारलंस?”

“निदान साल तरी सोडायची होतीस,” मी म्हणालो. “ती आईची होती.”

यावर तिची मान खाली गेली. तेवढ्या एकाच गोष्टीवर गेली.

मुलगी बेडरूममधून बाहेर आली होती. कानातले हेडफोन तिने गळ्यात घेतले होते. मला वाटलं, आता हिला काय सांगायचं, कसं सांगायचं. तिने टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाली, “सॉरी पापा. आय न्यू. ममा सेड डोन्ट टेल.”

मी खुर्चीवर बसलो. घर तिघांचं, त्यातल्या दोघींना माहीत. देरातल्या खोलीला माहीत, ऑफिसातल्या ड्रायव्हरला माहीत. ज्याच्या नावावर घर, ज्याच्या नावावर व्हिसा, त्या एकट्याला माहीत नव्हतं. मला राग आला होता, पण रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. ती लाज माझी नसताना मला वाटत होती, याचाही राग येत होता.

त्या संध्याकाळी तिने माझ्यासमोर भावाला फोन लावला. “दादा, खलास. आता नाही. कोणाला काय सांगायचं ते तू बघ,” एवढं बोलून ठेवला. मेव्हण्याचा मला नंतर एक मेसेज आला, त्यात हात जोडलेले होते. मी उत्तर दिलं नाही.

रविवारी सकाळी मी दोन्ही बरण्या मोरीत ओतल्या. आठवा दिवस होता, साल आत तरंगत होती, द्राक्षं अजून चुरचुरत होती. बरण्यांचा दोष काहीच नव्हता. पण मला ती वाईन नाताळपर्यंत घरात नको होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या हाताने ढवळलेलं काहीच मला त्या दिवशी नको होतं. इतकी वाईन एकदम ओतली की सगळ्या बिल्डिंगला कळतं, म्हणून थोडी थोडी, वर बादलीभर पाणी, वर फिनाइल. ती आली आणि नळ सोडून उभी राहिली. मी तांब्या भरून ओतत होतो, ती पाणी मारत होती. अर्धा दिवस गेला त्यात. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती जोडीने काम करतात दोघं.

नाताळ आला. पाहुणे टाळता येत नव्हते, नेहमीचीच सात-आठ माणसं. मी परवान्यावर दुकानातून दोन बाटल्या आणल्या. वाईन का नाही, हे लोक विचारणार हे मला ठाऊक होतं आणि मी काहीतरी तयार करून ठेवलं होतं. ऑफिसची धावपळ, द्राक्षं चांगली मिळाली नाहीत, असलं काहीतरी. मला धड खोटं बोलता येत नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं तरी ते खोटंच वाटत होतं.

पाहुणे बसले. आमच्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, गेली वीस वर्षं करामाला राहणारे, दुकानातली बाटली बघून माझ्याकडे वळले. “काय रे, हे काय? घरची कुठेय?”

मी तोंड उघडलं. माझ्या आधी बायको बोलली.

“अंकल, काय सांगू तुम्हाला, माझीच मिस्टेक. बुधवारी मला ताप होता, ढवळायची राहिली. गुरुवारी बघते तर दोन्ही बरण्यांवर ही एवढी पांढरी साय.” तिने बोटांनी सायीची जाडी दाखवली. “ह्याला फोनवर सांगायची माझी हिंमतच होईना. शुक्रवारी आला, बघितलं, आणि दोन दिवस जेवला नाही. अजून धड बोलत नाही माझ्याशी, विचारा त्याला.” ती हसली आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सगळे हसले. अंकलनी माझी समजूत काढली, अरे, बाईमाणसाला ताप आला तर काय करणार, पुढच्या वर्षी कर. कोणीतरी तिला विचारलं, ताप आता कसा आहे. “आता बरी आहे,” ती म्हणाली. तिने पापणीही हलवली नव्हती. तिचा आवाज, ती बोटं, ताप, फोनला न झालेली हिंमत, सगळं जागच्या जागी होतं. मी ग्लास हातात धरून तिच्या चेहऱ्यावर कुठे एखादी रेघ सापडते का ते शोधत होतो, आणि सगळं माहीत असूनही, मोरीत वाईन मी स्वतःच्या हाताने ओतलेली असूनही, क्षणभर माझाही तिच्यावर विश्वास बसला.